मायाळूपणा रक्तातच असतो?

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण स्वभावालाही सरसकट लावतो. आई समजूतदार म्हणून मुलगी समजूतदार. बाप तुसडा, मग पोरगा वेगळा कसा निघणार? दुसऱ्याचं मन ओळखणं जन्मतःच ठरतं, हा समज तिथूनच पक्का होतो.

२०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले वरुण वॉरियर, सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी ४६ हजारांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती आणि परानुभूतीच्या, म्हणजे दुसऱ्याचं मन ओळखण्याच्या, प्रश्नावलीतले त्यांचे गुण ताडून पाहिले. माणसामाणसांतल्या फरकापैकी जेमतेम दहावा भाग जनुकांच्या वाट्याला आला. बायकांचे गुण सरासरीने जास्त होते खरे, पण त्यामागे जनुकीय फरक दिसला नाही. (उत्तरं लोकांनी स्वतःबद्दलच दिलेली होती, हेही ध्यानात ठेवा.)

जुळ्यांच्या अभ्यासांत हा आकडा मोठा येतो, कारण केंब्रिजच्या पद्धतीत फक्त सर्रास आढळणारे जनुकीय बदल मोजले जातात.

खरी गल्लत आकडा वाचण्यात होते. ‘१० टक्के’ म्हणजे तुमच्यातली दहा टक्के माया आजीकडून आली, असं मुळीच नाही. तो समूहातल्या फरकाचा हिशेब आहे. एकट्या माणसाला लागूच होत नाही. आणि मुलगी आईसारखी निघाली, तर तिला जनुकं आईची मिळाली तसं घरही आईचंच मिळालं. दारी आलेल्याला आधी पाणी विचारायचं, हे ती रांगत होती तेव्हापासून बघतेय.