कॅरॅव्हॅन ओढायला घेण्यापूर्वी

आम्ही कॅरॅव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याने देतो. आमच्याकडे चौकशीला फोन करणारी बहुतेक मराठी मंडळी आधी दोनच प्रश्न विचारतात: आत किती जण झोपतात आणि शेगडीवर कुकर बसतो का. उत्तरं अनुक्रमे चार आणि हो, पाच लिटरचा बसतो. पण ब्रिटनच्या रस्त्यावर गाडीमागे सव्वा टनाचं घर बांधून निघायचं, तर त्याआधी विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. हे पत्रक कॅरॅव्हॅन न्यायच्या आदल्या रात्री निवांत वाचा. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या चाळू नका.

लायसन्सचं आधी उरकू. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या पूर्ण लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो (कॅरॅव्हॅन हाही ट्रेलरच). पूर्वी १९९७ नंतर पास झालेल्यांपैकी अनेकांना त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे, ती आता नाही. परीक्षा गेली म्हणून कौशल्य आपोआप येत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. आम्ही फक्त ब्रिटिश पूर्ण लायसन्सवरच कॅरॅव्हॅन देतो. भारतातून सुट्टीवर आलेल्या भावाला ‘जरा चालवून बघ’ म्हणून स्टिअरिंग देऊ नका. डीव्हीएलएच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावरून काढलेला चेक कोड (त्यावरून तुमचं लायसन्स आम्हाला तपासता येतं) २१ दिवस चालतो, तो आम्हाला आधी पाठवून ठेवा. कारच्या विमा कंपनीलाही फोन करून ट्रेलर ओढण्याबद्दल विचारून घ्या.

सगळा खेळ वजनाचा

तुमची कार किती ओढू शकते हे इंजिनच्या ताकदीवरून ठरवू नका. व्ही-फाइव्ह-सी लॉगबुकात, म्हणजे कारच्या नोंदणीच्या कागदात, ‘ओ-वन’ या रकान्यात स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा छापलेली असते. दाराच्या चौकटीजवळ किंवा बॉनेटखाली एक छोटी पट्टी असते, तिच्यावरचा दुसरा आकडा कार आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल ते सांगतो. तो आकडाच नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठी नाही. काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना अशी परवानगीच नसते. नवी कोरी, महागडी गाडी घेऊन आलेल्या माणसाला हे सांगताना आम्हालाच कसंसं होतं, म्हणून बुकिंगआधी बघा.

कायद्याची मर्यादा ही झाली. त्याहून खाली राहण्याचा जुना सल्ला असा, की भरलेली कॅरॅव्हॅन कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावी, निदान नवशिक्याची तरी. १,५०० किलोच्या कारला १,२७५ किलो. आमची चार जणांची कॅरॅव्हॅन रिकामी १,०८० किलो आहे आणि भरून जास्तीत जास्त १,२३० किलो चालते. म्हणजे सामानाला उरले १५० किलो. ऐकायला पुष्कळ वाटतात. आता मोजा: ऑनिंगचा, म्हणजे कॅरॅव्हॅनला लागून उभारायचा, तंबू २५, टेबल-खुर्च्या २०, चौघांचे कपडे ४०, भांडी आणि शिधा ३०, अंथरूण-पांघरूण १५. झाले १३०. पाण्याची टाकी भरून निघालात की ४० लिटर म्हणजे आणखी ४० किलो, आणि मर्यादा ओलांडली. पाणी कॅम्पसाइटवर मिळतं, टाकी रिकामीच न्या. दहा किलोची तांदळाची पिशवी कारच्या डिकीत ठेवा. मात्र कारचीही स्वतःची मर्यादा असते, तिला गोदाम समजू नका.

किती भरलं याच्याइतकंच कुठे भरलं हेही महत्त्वाचं. ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली आहे, त्यांना हे एका वाक्यात कळतं: मागे ओझं जास्त झालं की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर भार येतो. इथे बैलांच्या जागी कारचा टोबॉल आहे, म्हणजे कॅरॅव्हॅन जिथे अडकवायची तो कारमागचा लोखंडी गोळा. त्यावर कॅरॅव्हॅनचं नाक किती दाबतं, तो भार भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के हवा. १,२०० किलोला ६० ते ८४ किलो. तुमच्या कारच्या टोबारची (टोबॉल ज्यावर बसतो त्या दांड्याची) मर्यादा ७५ असेल, तर ७५ हीच वरची रेघ. जड सामान जमिनीलगत, चाकांच्या आसावर. हलकं सामान वरच्या कपाटात. मागच्या भिंतीला सायकली टांगायचा मोह आवरा. भार मोजायचा काटा आम्ही सोबत देतो, तो वापरा.

जोडताना

घाई नको, आणि जोडणाऱ्याशी कुणी बोलू नये. आमच्याच पहिल्या सहलीत चहाच्या गप्पांत कोपऱ्यांचे चारही पाय वर करायचे राहिले आणि आम्ही साइटच्या फाटकापर्यंत खरवडत गेलो. तो आवाज अजून आठवतो.

कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक ओढलेला ठेवूनच हिच (कॅरॅव्हॅनच्या नाकावरची पकड) टोबॉलवर उतरवा. हिचवर हिरवी खूण दिसली पाहिजे. मग कॅरॅव्हॅनच्या नाकाखालचं लहान जॉकी चाक पुन्हा दोन-तीन फेरे खाली फिरवा. कारची मागची बाजू किंचित उचलली गेली, तर पकड पक्की. ब्रेकअवे केबल टोबारवरच्या ठरलेल्या कडीतच अडकवा. चुकून कॅरॅव्हॅन सुटलीच, तर तीच दोरी तिचा ब्रेक ओढते, म्हणून कायद्यानेही ती लागते. मग तेरा पिनांचा प्लग लावा आणि एकाला मागे उभं करून इंडिकेटर, ब्रेकचे दिवे बघून घ्या. मागची नंबरप्लेट तुमच्या कारचीच हवी. ती आम्ही बनवून लावतो, फक्त आधी नंबर कळवा. जॉकी चाक पूर्ण वर, कोपऱ्यांचे पाय वर, कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक खाली, म्हणजे सोडलेला. गॅसची टाकी बंद, छताची खिडकी बंद. उघडी राहिलेली छताची खिडकी मोटरवेवर उडून जाते, आणि भरपाई महाग पडते.

कॅरॅव्हॅन कारपेक्षा रुंद असते, त्यामुळे आरशांना जोडायचे जादा आरसे लागतात. ते न लावता पकडलात, तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन दंडगुण. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही. आजीला पाठ टेकायची असेल तरी नाही.

रस्त्यावर

मोटरवे आणि ड्युअल कॅरेजवेवर कमाल वेग ताशी ६० मैल, साध्या दुपदरी रस्त्यावर ५०, अर्थात पाटी त्याहून कमी सांगत नसेल तेव्हा. तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन तुम्हाला बंद. मागे रांग लागली तर सुरक्षित जागा पाहून बाजूला व्हा.

मोठा ट्रक शेजारून जातो तेव्हा कॅरॅव्हॅन आधी ढकलल्यासारखी आणि मग ओढल्यासारखी होते. हा हवेचा खेळ असतो, घाबरू नका. पण कधी मागे झोला सुरू होतो, शेपूट डावीकडे-उजवीकडे हलू लागते. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. तेच करायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ, घट्ट न आवळता धरा, वेग उतरू द्या. झोला थांबला की थांबायच्या जागी वळून सामान तपासा. बहुतेक वेळा काहीतरी जड मागे गेलेलं असतं, नाहीतर वेग जास्त झालेला असतो. उतारावर ही भीती सगळ्यात मोठी, म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा.

रस्ता निवडताना कारच्या नकाशावर विसंबू नका. नॉर्थ यॉर्कशरमधल्या ए-१७० रस्त्यावर सटन बँकच्या चढावर कॅरॅव्हॅनला बंदीच आहे. लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास जागोजागी तीनास एक चढाचा आणि अरुंद, तिकडे फिरकूच नका. वादळी वाऱ्याचा इशारा असेल, तर सेव्हर्न नदीच्या पुलांवर आणि एम-सिक्स मोटरवेवरच्या शॅपच्या माथ्यावर जाण्याआधी एक दिवस थांबा. तसं फोन करून कळवलंत, तर उशिरा परतीचे पैसे आम्ही घेत नाही.

वळताना कॅरॅव्हॅनची चाकं आतून कापत येतात, म्हणून वळण रुंद घ्या. रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवा आणि कॅरॅव्हॅनचं मागचं टोक जिकडे न्यायचं, तिकडे हात सरकवा. पहिल्या दिवशी नवरा-बायकोचं यावरून वाजतंच. कॅम्पसाइटवर पोहोचून, सगळ्यांसमोर वाजण्यापेक्षा आमच्या मागच्या आवारात वाजू द्या. कॅरॅव्हॅन न्यायच्या दिवशी तासभर आधी या, तिथे सरावाला शंकू मांडलेले असतात, चहा आमच्याकडून. येताना लायसन्स, लॉगबुक आणि विम्याचा कागद आणा, आणि आमच्या काट्यावर सामानासकट वजन करूनच फाटकाबाहेर पडा.