आधी प्रोब पाठवा, मग बोर्डाचं बोलू

अल्ट्रासाउंडचा फ्रंट-एंड, म्हणजे पल्स पाठवणारा आणि परतलेला सिग्नल वाढवणारा बोर्ड, आमच्याकडून करून घ्यायला येणारे जवळपास सगळे पहिल्या फोनवर तेच विचारतात, ६४ चॅनेल, ५ मेगाहर्ट्झ, कोटेशन कधी देताय? आम्ही विचारतो प्रोब (पेशंटच्या अंगाला टेकवायचा भाग) कुठाय, तर उत्तर येतं की प्रोब अजून फायनल नाहीये, तुम्ही बोर्ड तर सुरू करा. इथेच पुढचे कित्येक आठवडे वाया जातात, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतोय.

पल्सर (पल्स सोडतो), टीआर स्विच (त्या पल्सपासून रिसीव्हर वाचवतो), एलएनए (कमी नॉइजचा पहिला अँप्लिफायर), टीजीसी (खोलीनुसार वाढत जाणारा गेन) तुम्हाला माहीत आहेत, जास्त सांगत बसत नाही. फक्त हिशोब बघा. पल्स जातो कित्येक दहा व्होल्टचा, कधी १०० च्या आसपास. मऊ टिश्यूमध्ये सेंटिमीटरला, मेगाहर्ट्झमागे साधारण ०.५ डीबी खर्च होतात, म्हणजे ५ मेगाहर्ट्झवर १० सेंटिमीटर खाली जाऊन परत यायचं तर ५० डीबी नुसते रस्त्यात गेले, अँप्लिट्यूड तीनशे पटीने खाली. शिवाय टिश्यूमधून मुळात परततंच थोडं. जे काही मायक्रोव्होल्ट उरतात ते प्रोबच्या केबलमधून आमच्या एलएनएपर्यंत यायचे असतात, आणि घोळ होतो तो इथे.

या केबलमधल्या बारीक कोअॅक्स तारेची कपॅसिटन्स मीटरला ५० ते १०० पिकोफॅरड असते, दोन मीटर केबल म्हणजे १०० ते २०० झाली. प्रोबच्या अॅरेमधल्या एका एलिमेंटची (छोट्या क्रिस्टलची) स्वतःची कपॅसिटन्स कधीकधी तेवढीच, कधी त्याहून कमी. समजा एलिमेंट १५० आणि केबल २००, तर ढोबळमानाने अर्ध्याहून जास्त सिग्नल केबलच खाऊन टाकते, एलएनए कितीही भारी घ्या. टेबलवर ५० ओहमचा लोड लावून किंवा सिग्नल जनरेटर थेट इनपुटला देऊन यातलं काहीच दिसत नाही, बोर्ड एकदम झकास चालतो, आणि खरा प्रोब लागला की फोन येतो, खोलवर काही दिसत नाही, जरा गेन वाढवून द्या ना.

गेन वाढवून देऊ, पण त्याने नॉइजही तेवढाच वाढतो. फोन करायच्या आधी एक करा, ट्रान्समिट बंद ठेवून फक्त रिसीव्ह चालू ठेवा. खालच्या भागातली मुंग्यांसारखी खरखर तशीच राहिली तर तो एको नव्हताच. त्यात सरळ पट्टे दिसले किंवा डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या मोडमध्ये) एकाच जागी रेघ आली तर आधी स्विचिंग सप्लायकडे बघा, तो सिस्टिम क्लॉकला सिंक केलेला नसेल. सप्लाय तुमचा असेल तर आम्ही बोर्ड कितीही बदलला तरी ती रेघ जायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काहीजण म्हणतात बाकीचे लोक एका दिवसात कोटेशन देतात, तुम्हीच प्रोब मोजायचे पैसे घेता. घेतो. इम्पिडन्स केबलसकट आणि केबलशिवाय मोजल्यावरच कळतं की मॅचिंग इंडक्टर (कपॅसिटन्सचा परिणाम भरून काढणारा) पुरेल की प्रीअँप हँडलमध्येच टाकावा लागेल, आणि हँडलमध्ये टाकला की उष्णतेचा प्रश्न आलाच, कारण आयईसी ६०६०१-२-३७ या अल्ट्रासाउंड उपकरणांच्या सुरक्षा मानकाप्रमाणे पेशंटला लागणारा प्रोबचा पृष्ठभाग ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन चालत नाही. हे बोर्ड छापून झाल्यावर कळलं तर लेआउट पुन्हा, टेस्टिंग पुन्हा, आणि तो खर्च मोजणीच्या फीपेक्षा कितीतरी मोठा असतो. काम आमच्याकडेच दिलंत तर ती फी डिझाइनच्या बिलातून वजा होते.

प्रोब खरंच ठरला नसेल तर निदान ज्या दोन-तीन प्रोबवर विचार चाललाय त्यांच्या डेटाशीट द्या, आम्ही मॅचिंगच्या जागा बोर्डावर मोकळ्या ठेवतो, नंतर पार्ट बदलून भागतं. हे आम्ही तसंही प्रत्येक बोर्डावर करतो, वेगळे पैसे नाहीत.

पार्सलमध्ये प्रोब, प्रॉडक्टमध्ये जाणार तीच केबल तेवढ्याच लांबीची (डेमोसाठी कापून छोटी केलेली नको, अशी येते म्हणून सांगतोय), कनेक्टरचा पिनआउट आणि किती खोलीपर्यंत बघायचंय तो आकडा एवढं टाका. आणि पाठवायच्या आधी 'चालतोय का बघू' म्हणून पूर्ण व्होल्टेजवर हवेत चालू ठेवू नका, हवेत एनर्जी बाहेर जात नाही, प्रोब नुसता तापतो. फँटम (टिश्यूसारखा टेस्ट ब्लॉक) नसेल तर पाण्याच्या भांड्यात टोक बुडवून बघा, कनेक्टर मात्र कोरडा राहू दे.