उठावाच्या मुखवट्यासाठी पत्रा आणण्यापूर्वी

महालक्ष्म्या आणि नवरात्र जवळ आले की सोलापूर शहरातून, तसेच अक्कलकोट-तुळजापूर भागातून येणारे अनेक ग्राहक सराफाकडून चांदीचा पत्रा परस्पर घेऊन येतात आणि ‘एवढ्याच वजनात मुखवटा बसवा’ असे सांगतात. पत्रा बहुधा पातळ असतो, आणि निम्मे काम झाल्यावर तो नाकाच्या शेंड्याशी फाटतो.

ठोकून उठाव काढताना धातू वाढत नाही, आहे तोच ताणला जातो. सपाट चकतीच्या कडा जागीच धरून तिचा अर्धगोल उठवला तर पृष्ठभाग दुप्पट होतो, म्हणजेच जाडी सरासरीने निम्मी उरते, आणि शेंड्याशी सहसा त्याहूनही कमी. फाटलेली जागा झाळून जोडता येते, परंतु त्या जोडाची रेघ उजळल्यानंतरही दिसते; देवीच्या चेहऱ्यावर ती आम्हाला चालत नाही. म्हणून खोल मुखवट्यासाठी आम्ही किमान अर्धा मिलिमीटर जाडी मागतो. २० सेंटीमीटर लांब-रुंद अशा चांदीच्या पत्र्याचे वजन त्या जाडीला सुमारे २१० ग्रॅम भरते. त्यातील कातरण तोलून परत मिळते.

‘हातकामाला इतके दिवस कशाला?’ असेही विचारले जाते. राळ, विटेची पूड आणि तेल यांच्या थरावर पत्रा बसवून मागून फुगवटा काढतात, मग तो पलटून भुवया, पापण्या आणि नथ पुढून कोरून बसवतात. ठोके बसतील तशी चांदी कडक होत जाते, त्यामुळे पत्रा राळेतून सोडवून, तापवून नरम करून पुन्हा बसवावा लागतो, आणि नाक जितके उंच तितक्या या फेऱ्या अधिक. त्यात घाई केली तर जाड पत्राही तडकतो. मजुरी आम्ही वजनावर न लावता कामावर लावतो, ती यासाठीच.

साच्यात दाबलेले मुखवटे हलके आणि स्वस्त असतात, आणि बजेट बेताचे असेल तर ते घेण्यात गैर काही नाही. मात्र घरातील जुन्या मुखवट्यासारखाच चेहरा हवा असेल तर तो हातानेच उठवावा लागतो.

पत्रा आमच्याकडूनच घ्यावा अशी अट नाही. खरेदीपूर्वी जुना मुखवटा किंवा त्याचा फोटो, आणि मूर्तीचे माप घेऊन यावे. जाडी व वजनाचा अंदाज विनामूल्य लिहून दिला जाईल. पोचा पडलेले जुने मुखवटेही, त्यांच्या पत्र्यात पुरेशी जाडी शिल्लक असेल तर, पुन्हा उठवून मिळतात. महालक्ष्म्यांसाठीची कामे आषाढ संपेपर्यंतच स्वीकारली जातात.