ॲमेझॉन आणि 'जगाचा २० टक्के ऑक्सिजन'

'जगातला २० टक्के ऑक्सिजन ॲमेझॉनचं जंगल देतं' हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे वणवे पेटले, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनीही तोच ट्वीट केला. तो चुकीचा आहे. झाडं दिवसा तयार करतात त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्सिजन त्यांच्या स्वतःच्या श्वसनात खर्च होतो. उरलेला जवळपास सगळा पालापाचोळा कुजवणारे जीवाणू आणि बुरशी वापरून टाकतात. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे.

म्हणून जंगल गेलं तरी चालेल? मुळीच नाही. खरी भीती कार्बनची आहे. ॲमेझॉनच्या झाडांत आणि मातीत मिळून शंभर अब्ज टनांहून अधिक कार्बन साठलाय. तोडून जाळल्यावर एक टन कार्बनमागे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आणि जंगल किती तुटतं हे ब्राझील स्वतःच मोजतो. तिथली 'इन्पे' ही सरकारी अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून उपग्रहचित्रांवरून दरवर्षी तोडीचा हिशेब काढते. २००४ मध्ये हा आकडा २७,७०० चौरस किलोमीटरच्या वर होता. २०१२ मध्ये तो ४,६०० च्या आत आला. कमाल आहे! मात्र या वार्षिक हिशेबात ६.२५ हेक्टरपेक्षा लहान तुकडे धरले जात नाहीत. निवडक मोठी झाडं कापून नेली आणि बाकीचं जंगल उभं राहिलं, तर तेही सपाट तोडीत मोजलं जात नाही, कार्बन मात्र जातोच.