बाष्पीभवन आणि अवशेष (घरगुती द्रवांचे)

द्रवाच्या पृष्ठभागावरचे रेणू उकळीची वाट न पाहता हवेत निसटत राहतात, त्याला बाष्पीभवन म्हणतात. ज्यांना निसटता येत नाही ते भांड्यात उरतात, तो अवशेष. मराठी बोलणाऱ्याने हा भेद क्रियापदांत फार नेमका टिपला आहे : स्पिरिट ‘उडते’, दूध ‘आटते’, कपडे ‘वाळतात’.

वाळणे हवेवर अवलंबून असते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर जितके रेणू उडतात, जवळजवळ तितकेच परत येतात. म्हणून बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या उगमाशी असलेल्या कणकुंबीत, आषाढातले धोतर चुलीवर टांगल्याशिवाय वाळत नाही. त्याच जिल्ह्यातल्या अथणीत चैत्रातली चादर तासाभरात कडक होते.

अवशेष डोळ्यांनी पाहायचा तर बोअरचे पाणी घ्यावे. घासून कोरड्या केलेल्या स्टीलच्या ताटलीत चार-पाच थेंब टाकून ताटली उन्हात ठेवली, की थोड्या वेळात प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी कड उठते. मध्ये जवळजवळ काही नसते. कडेचे पाणी लवकर उडते, भरपाईला मधले पाणी कडेकडे सरकते आणि येताना कण घेऊन येते. सांडलेल्या चहाचा थेंब वाळल्यावर उमटणारे वर्तुळही असेच बनते. त्याचा उलगडा भौतिकशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये केला. शेजारी उघड्यावर धरलेल्या पावसाच्या पाण्याचे थेंब टाकले तर ताटली बहुधा स्वच्छच राहते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, म्हणजे लिटरभर पाणी आटले तर साधारण अर्धा ग्रॅम पूड.

हीच पूड तांब्याच्या बंबात थर होऊन बसते. तापवल्यावर पाण्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे न विरघळणारे कार्बोनेट होते. थर उष्णता अडवतो आणि तेवढ्याच पाण्याला जळण जास्त लागते. चिंच किंवा लिंबू यांतले आम्ल तो बुडबुडे काढत विरघळवते. मात्र आम्लात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

काही ठिकाणी अवशेषासाठीच सारा खटाटोप असतो. लिटरभर म्हशीचे दूध आटवले की 200 ग्रॅमच्या आसपास खवा मिळतो. बेळगावचा कुंदा हे याच आटण्याचे फळ. त्याचा तपकिरी रंग दुधातली साखर आणि प्रथिने उष्णतेत एकमेकांशी संयोग पावल्याने येतो. गुऱ्हाळावर उसाच्या रसाचेही तेच. रानभेंडीचा चीक घालून मळी काढतात आणि काहिलीत रस उकळत ठेवतात. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच असल्याने तिथे साधे पाणी 97-98 अंश सेल्सिअसलाच उकळते. रस मात्र आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो आणि गूळ उतरवताना तो 118 अंशांच्या घरात असतो.

स्पिरिट, नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन आणि पांढरा व्हिनेगर जवळजवळ पूर्ण उडतात. ग्लिसरीन घातलेले सॅनिटायझर थोडा चिकटपणा ठेवते. रॉकेल अनेक घटकांचे मिश्रण असल्याने सावकाश उडते आणि मागे वास ठेवते. रेशनवर मिळे त्या निळ्या रॉकेलातला रंग तर उडतच नाही. पेट्रोल आणि थिनर यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. ‘उडून गेले’ म्हणजे ‘संपले’ असे घरात कोणी समजू नये.

खाद्यतेल वाळल्यासारखे वाटते, पण ते उडालेले नसते. करडई किंवा जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. शेगडीमागच्या फरशीवरचा राप असाच बनतो. तो पाण्याने निघत नाही, गरम पाणी आणि सोडा लागतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी काही उडून, काही विजेने विघटन होऊन कमी होते. गंधकाम्ल मात्र तिथेच राहते. म्हणून तिच्यात ॲसिड न घालता फक्त डिस्टिल्ड पाणी घालतात. बोअरचे पाणी घातले तर त्यातले क्षार आत राहतात आणि दर खेपेला वाढत जातात.