बंद दारामागची भीती: मेंदूला जे कळतं आणि जे कळत नाही

खिडक्यांवर पोलादी झडपा खाली येतात, दाराला एकावर एक कुलपं लागतात आणि आई-वडील, दोन मुलं सीसीटीव्हीच्या पडद्यासमोर दाटीवाटीनं उभी राहतात. आज रात्री शहरात कायदा लागू नाही, पोलीस येणार नाहीत आणि फाटकाशी मुखवटे घातलेली माणसं जमली आहेत. घरावर चालून येणाऱ्यांचे असे अमेरिकी थरारपट ओटीटीमुळे आता आपल्याकडेही भरपूर पाहिले जातात. कथा म्हणून ते बहुतेकदा साधेच असतात, पण मेंदूविज्ञानाच्या बाजूनं पाहिलं तर त्यांची बांधणी थक्क करते. भीतीबद्दल प्रयोगशाळेत जे अलीकडे सिद्ध झालं, ते हे दिग्दर्शक अंदाजानं कधीचे वापरत आले आहेत. माणसांच्या समाजाबद्दल मात्र हेच चित्रपट जे सांगतात ते बरंचसं चुकीचं आहे, आणि तसल्या समजुतीपायी खरी माणसं मेली आहेत.

आधी मेंदूचं पाहू. या चित्रपटांत संकट एकदम घरात शिरत नाही. ते आधी रस्त्यावर दिसतं, मग फाटकाशी येतं, मग दाराला धक्का बसतो आणि शेवटी जिन्यावर पावलं वाजतात. २००७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डीन मॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच कमी होत जाणाऱ्या अंतराचा अभ्यास केला. एमआरआय यंत्रात झोपलेल्या स्वयंसेवकांना पडद्यावर भूलभुलैयाचा एक खेळ खेळायला दिला. खेळातला शिकारी त्यांच्या मागे लागायचा आणि त्यानं गाठलं की विजेचा झटका बसायचा, तोही खराखुरा. शिकारी लांब असताना कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जास्त सक्रिय दिसला. कुठून निसटायचं, हातात वेळ किती, असले हिशेब करण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. शिकारी जवळ आला तशी ही लगबग मेंदूत खोलवर, मध्यमेंदूतल्या पेरिॲक्विडक्टल ग्रे नावाच्या भागाकडे सरकत गेली. थिजणं, पळणं, उलटून हल्ला करणं या प्रतिक्रिया इथून चालतात, आणि उत्क्रांतीच्या दृष्टीनं हा भाग इतका जुना आहे की उंदरातही तो हेच काम करतो.

म्हणजे फाटकापासून जिन्यापर्यंतचा तो प्रवास पाहणाऱ्याच्या डोक्यातही घडत असतो. सुरुवातीला आपण त्या कुटुंबाच्या वतीनं बेत आखतो: मागच्या दारानं जा, फोन कर, मुलांना वर पाठव. शेवटी बेत संपतात आणि आपण खुर्चीत अवघडून नुसते पाहत राहतो. भीतीनं थिजलेल्या माणसाचे हृदयाचे ठोके वाढायच्या ऐवजी काही क्षण मंदावतात, हेही अनेक प्रयोगांत दिसलं आहे. शरीर त्या वेळी हालचाल रोखून धरतं आणि डोळे-कान टवकारून माहिती गोळा करतं.

दुसरा प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. २०१६ मध्ये त्याच कॉलेजातल्या आर्ची डी बर्कर यांच्या गटानं ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसायचे आणि कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायचं. साप निघाला की हाताला वेदनादायक झटका बसे. सापाची शक्यता मुद्दाम कमीजास्त केली जात होती. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला, तेव्हा झटका बसणारच अशी खात्री असताना तो सर्वाधिक असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो शिगेला पोचला शक्यता ५० टक्के असताना. नक्की बसणाऱ्या झटक्यापेक्षा बसेल-न-बसेल असा झटका माणसाला जास्त पोखरतो. चांगला दिग्दर्शक म्हणूनच मुखवटेवाल्याचा चेहरा लवकर दाखवत नाही. तो दाराची मूठ अर्धवट फिरताना दाखवतो, आणि मग ती थांबते.

आणि घरात एकटा माणूस न ठेवता कुटुंब ठेवण्यामागेही अर्थ आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स कोअन यांनी २००६ साली १६ विवाहित स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात झटक्याची धमकी देऊन मेंदूची चित्रं घेतली. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागांची धावपळ स्पष्टपणे कमी झाली. अनोळखी माणसाच्या हातानंही थोडा फरक पडला. ज्यांचा संसार अधिक समाधानाचा होता त्यांच्यात परिणाम अधिक होता.

इथवर चित्रपट आणि विज्ञान हातात हात घालून चालतात. पुढचा दावा असा असतो: कायद्याचा धाक एक रात्र उठला की शेजारीच सुरा घेऊन दारात येईल.

ही कसोटी इतिहासात प्रत्यक्ष लागली आहे. ७ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराचे पोलीस पगाराच्या वादातून संपावर गेले. बँकांवर दरोडे पडले, शंभराच्या आसपास दुकानं लुटली गेली, सैन्य बोलवावं लागलं. दोन माणसं मेली. त्यातला एक उपनगरातल्या एका डॉक्टरच्या घरात शिरलेला चोर होता, म्हणजे घरफोडीचं भय काही हवेतलं नव्हतं. पण त्या रात्रीची सर्वात मोठी चकमक झाली ती एका लिमोझिन कंपनीच्या गॅरेजपाशी. विमानतळावरच्या मक्तेदारीवरून तिच्याशी जुनं वैर असलेले टॅक्सीचालक तिथे चालून गेले होते. दुसरा मृत्यू तिथला, संपात नसलेल्या प्रांतिक पोलीस दलातल्या एका पोलिसाचा. हिंसा दुकानातल्या मालाकडे आणि साठलेल्या रागाकडे गेली, दिसेल त्या दाराकडे नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली वीज गेली तेव्हा बेकारी आणि आर्थिक दिवाळखोरीनं पिचलेल्या त्या शहरात प्रचंड लुटालूट झाली. २००३ मध्ये त्याच शहरात पुन्हा अंधार झाला आणि रात्र बहुतांशी शांततेत गेली. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेल. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, यंत्रणा कोलमडली, आणि लोकांनी वाटेत अडकलेल्या अनोळखी माणसांना घरात घेतलं.

मुखवटेवाल्या परक्याकडे बोट दाखवताना आणखी एक गोष्ट झाकली जाते, आणि ती मला फार खुपते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारी कार्यालयाच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये जगात सुमारे ८७,००० स्त्रियांचे जाणूनबुजून खून झाले. त्यांतल्या सुमारे ५०,००० जणींना मारणारा त्यांचा जोडीदार किंवा घरातलाच कुणी होता. त्यांच्यासाठी धोका कुलपाच्या आतल्या बाजूला होता.

कुलपाचाही जीव जाण्याशी संबंध असू शकतो, हे जुलै १९९५ मध्ये शिकागोत दिसलं. पारा ४१ अंशांपर्यंत गेला आणि त्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. एकटं राहणाऱ्यांना आणि रोज घराबाहेर न पडणाऱ्यांना धोका जास्त होता, असं साथरोगतज्ज्ञांच्या पाहणीत आढळलं. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी मग शहरातल्या लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन्हीकडे गरिबी होती, एकट्या वृद्धांचं प्रमाणही सारखंच. तरी नॉर्थ लॉनडेलमधला मृत्युदर सुमारे दहापट होता. तिथे दुकानं बंद पडली होती, रस्ते ओस होते, गुन्हेगारी होती. चोर शिरेल या धास्तीनं म्हातारी माणसं दारं-खिडक्या घट्ट लावून भट्टीसारख्या खोल्यांत बसून राहिली. साउथ लॉनडेलच्या गजबजलेल्या रस्त्यावर त्याच वयाची माणसं बाहेर पडत होती, वातानुकूलित दुकानांत जाऊन बसत होती आणि कोण दिसलं नाही हे चार जणांच्या लक्षात येत होतं.

चार वर्षांनी, १९९९ मध्ये, शिकागोत पुन्हा तशीच लाट आली. या वेळी महापालिकेनं एकट्या वृद्धांना फोन केले, पोलीस आणि कर्मचारी दारोदार पाठवले, थंडाव्याची केंद्रं उघडली. त्या लाटेत सुमारे ११० जण दगावले.