मुलगा अठराच्या आतला, तरी मोठ्यांच्या जेलमध्ये: वयाचा अर्ज कसा करायचा

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १० नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. तरी मुलं जेलात पोचतात. अटकेच्या कागदावर कुणीतरी ‘वय अंदाजे १९’ लिहितो आणि पुढचा प्रत्येक साहेब तोच आकडा उतरवत जातो.

अर्ज साधाच असतो. खटला किंवा अपील जिथे चालू आहे त्या न्यायालयात, कलम ९ खाली. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरतात. मुलगा आज पंचविशीचा असला तरी बिघडत नाही.

अडतं ते कागदांवर. कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. आधार कार्ड घेऊन धावू नका. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जन्मतारखेचा पुरावा मानलं नाही. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही विसंबू नका. पहिलीत नाव घातलं त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा आणि मुख्याध्यापकांना साक्षीला बोलावण्याची विनंती अर्जातच करा. अटकेनंतर घाईघाईने काढलेल्या जन्मदाखल्यावर सरकारी वकील तुटून पडतात, हे धरूनच चाला.

आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र? स्टॅम्प, नोटरी, सगळा खर्च करून लोक तेच आणतात. कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की वय ठरवताना प्रतिज्ञापत्र हा पुरावा चालत नाही. अर्ज लिहून देणाऱ्यांनी तरी हे सांगायला नको का?

‘अपील फेटाळलं, आता मुदत गेली’ हाही गैरसमज. मुदतच नाही, निकाल अंतिम झाल्यावरही दावा करता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा सुनावलेल्या कैद्याला मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा ठरला. तोवर २८ वर्षं आत गेली होती.

वयाची चौकशी चालू असताना मुलाला जेलऐवजी ‘सुरक्षित ठिकाणी’ ठेवण्याची तरतूद कलम ९(४) मध्ये आहे. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही, म्हणून त्याच अर्जात मागा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.